लेन्स होलसेल आणि पालक नववी ब

"त्यात काय एवढं? एका यंत्राची दुसऱ्या यंत्राशी ओळख करून द्यायची. पाच मिनिटांचं काम आहे," चष्मेवाले म्हणाले. आयुष्यात पुष्कळ गोष्टींबद्दल त्यांनी असं म्हटलेलं आहे. गळका नळ, शिडीशिवाय पंखा पुसणं आणि मेहुणीची समजूत काढणं ही त्यांतली तीन. त्या तिन्हींचं पुढे काय झालं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, इथे उगाळत बसत नाही.

हे वाक्य ते फोनवर बोलले, आणि फोन त्यांनी डावा कान आणि डावा खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पलीकडे होते त्यांचे साडू. साडू गणिताचे शिक्षक, त्यामुळे सगळं जग त्यांना सर म्हणायचं आणि चष्मेवालेही सरच म्हणायचे. सरांचा फोन उजव्या खांद्यावर होता. गेले वीस दिवस रविवार सोडून रोज कामावर जाताना एकदा आणि परतताना एकदा दोघे असे बोलत होते, आणि वीस दिवसांत दोघांच्या माना दोन दिशांना वाकड्या झाल्या होत्या. चष्मेवाल्यांनी तर त्याच आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तिरका चष्मा बसवला आणि "आता कसा अगदी सरळ बसला" असं सांगून त्याला रवाना केलं. त्यातच चौकातल्या पोलिसाने गाडी थांबवून सांगितलं, "पुन्हा असे दिसलात तर लायसन्स माझ्याकडे राहील." तेव्हा फोन गाडीच्या स्टिरिओला जोडायचा, हात मोकळे, मान मोकळी, पोलीसही खूश, असा बेत ठरला.

आता कुणी विचारेल, एकाच इमारतीत राहणाऱ्या साडूंना गाडीत बसून चोरून बोलायची वेळ का यावी? तर पडद्यांमुळे.

या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली सरांची, राहायला दुसऱ्या मजल्यावर. धाकटी चष्मेवाल्यांची, तिसऱ्या मजल्यावर. लहानपणी आईने दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवले, आणि ती सवय दोघींनी पुढे कधी सोडली नाही. एकीकडे कुकर आला की दुसरीकडे तोच कुकर. सोफा तोच, घड्याळ तेच, दारातलं पायपुसणंही तेच. गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच करड्या रंगाच्या, आणि त्यांत एकाच कारागिराने एकाच दुपारी बसवून दिलेले एकसारखे स्टिरिओ. नवरेही एकसारखे घेतले असते, पण मिळाले नाहीत.

आणि मग एक दिवस धाकटीने थोरलीला न विचारता पडदे घेतले. फिकट हिरवे. थोरलीने दारात उभं राहून ते वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "छान आहेत. दवाखान्यात असतात तसे."

झालं. धाकटीने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की ताई हे शब्द मागे घेत नाही तोवर आपल्या घरातलं कुणीही त्या घराशी बोलणार नाही. आपल्या घरात ती धरून माणसं दोन. म्हणजे हुकूम कुणासाठी होता ते उघड आहे. खाली दुसऱ्या मजल्यावर थोरलीनेही तसाच हुकूम काढला, कारण दोघी सगळं एकसारखंच करतात. चष्मेवाले "बरं" म्हणाले. सरही "बरं" म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सरांनी थोरलीला ती काम करते त्या ग्रंथालयापाशी सोडलं, गाडी कोपऱ्यावर वळवली आणि चष्मेवाल्यांना फोन लावला.

खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांना दुसरा मित्र नव्हता. ओळखीचे पुष्कळ होते, पण दिवसभरात काय घडलं हे ज्याला सांगितल्याशिवाय घडल्यासारखंच वाटत नाही, असा माणूस एकच. ते बोलणं बंद झालं असतं तर त्यांना जेवण गेलं नसतं. पण धाकटीला कळलं असतं तर जेवण मिळालं नसतं. तिच्या लेखी ही साधी चोरी नव्हती, फितुरी होती. म्हणून त्यांनी सरांचा नंबर फोनमध्ये 'लेन्स होलसेल' या नावाने साठवला. सरांनीही त्यांचा नंबर 'पालक नववी ब' असा ठेवला. दोघांनाही हे फार हुशारीचं वाटलं.

जोडणीचा मुहूर्त ठरला रविवारी दुपारी तीनचा, कारण त्या वेळी दोघी बहिणी झोपतात. आपापल्या मजल्यावर, पण एकाच वेळी. चष्मेवाले पावणेतीनला "टायरची हवा बघून येतो" म्हणून उतरले. सर तीनला कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले. दोघे आपापल्या गाडीत बसले. गाड्या शेजारी शेजारी, मध्ये एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढीच फट. काचा वर, नजर समोर भिंतीवर. चुकून गच्चीतून कुणी पाहिलंच तर दोन परके पुरुष आपापल्या गाडीत बसलेत, एवढंच दिसावं.

सरांकडे स्टिरिओचं माहितीपुस्तक होतं. त्यांच्या घरातल्या प्रत्येक यंत्राचं पुस्तक ते खाकी कव्हर घालून, नाव लिहून ठेवतात. चष्मेवाल्यांचं पुस्तक खोक्याबरोबर रद्दीत गेलं होतं. तेव्हा सर फोनवर वाचून दाखवत होते आणि चष्मेवाले करत होते.

"पान नऊ," सर म्हणाले. "फोनमध्ये ब्लूटूथ सुरू करा. यादी येईल. यादीत आपल्या स्टिरिओचं नाव शोधा."

"आलं. 'कार ऑडिओ'. पण सर, हे दोनदा दिसतंय."

"दोनदा?"

"एकाखाली एक. 'कार ऑडिओ', 'कार ऑडिओ'."

आता इथे थांबून विचार करायला हवा होता. पण चष्मेवाल्यांच्या दुकानात एकाचे दोन दिसतात म्हणणारी माणसं रोज येतात, आणि एकतीस वर्षं ते त्यांना एकच उत्तर देत आलेत की एक खरं असतं, दुसरं डोळ्याचा दोष. तेच उत्तर त्यांनी आता स्वतःला दिलं.

"माझ्याकडेही दोनदा आहे," सर म्हणाले. "छपाईत होते तशी पुनरुक्ती असेल. वरचं घ्या. पासवर्ड चार शून्यं. मी फोन ठेवतो, तुम्ही दाबा, मीही दाबतो. मग फोन करून तपासू."

दोघांनी दाबलं. दोघांच्या स्टिरिओवर निळी अक्षरं उमटली, 'फोन जोडला गेला'. चष्मेवाल्यांनी छाती फुगवून लेन्स होलसेलला फोन लावला, आणि गाडीच्या चारही कोपऱ्यांतून सरांचा आवाज आला.

"ऐकू येतंय का?"

"इतकं स्वच्छ, की शेजारी बसल्यासारखं."

"शेजारीच बसलोय," सर म्हणाले. मग त्यांनी पान चौदावरची एक सोय वाचून दाखवली आणि दोघांनी ती सुरू केली. फोन आला की तीन सेकंदांनी स्टिरिओ तो आपोआप उचलेल, हात लावायची गरज नाही. त्यानंतर दोघे त्या आनंदात वीस मिनिटं बोलत बसले. विषय काही नव्हता.

खरं काय झालं होतं ते वाचकांना आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे डोकं खाजवायला नको. चष्मेवाल्यांचा फोन जोडला गेला होता सरांच्या गाडीला, आणि सरांचा फोन चष्मेवाल्यांच्या गाडीला. मग तपासणीत हे कळलं का नाही? कारण तपासणी त्यांनी एकमेकांशीच बोलून केली. चष्मेवाले आपल्या गाडीत बोलले ते सरांच्या फोनने ऐकलं आणि सरांच्या गाडीत वाजवलं. सर बोलले ते उलट वाटेने आलं. सगळं उलटं असलं की सुलटं दिसतं. तिसऱ्या कुणाचा फोन आल्याशिवाय ही चूक सापडणं शक्य नव्हतं.

तिसऱ्याचा फोन सोमवारी सकाळी आठ वाजून बावीस मिनिटांनी आला.

चष्मेवाले खाली आले तेव्हा सरांची गाडी सुरू होती. पुढच्या सीटवर थोरली बसली होती, डोळे रस्त्याकडे, चेहरा बावीस दिवसांपूर्वीचाच. सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी विसरले म्हणून पुन्हा वर गेले होते आणि त्यांचा फोन गाडीतल्या स्टँडवरच होता. चष्मेवाल्यांनी मेहुणीकडे न पाहता आपली गाडी सुरू केली. दोन्ही फोनांनी आपापली कालची ओळख लक्षात ठेवून गुपचूप जोडणी केली.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर 'घर' असं नाव आलं. धाकटी. चष्मेवाले ऐटीत मागे टेकले आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिले. एक, दोन, तीन. फोन आपोआप उचलला गेला, पडद्यावर सेकंद पळायला लागले, आणि गाडीत चिडीचूप.

"हॅलो," ते म्हणाले. "अगं, बोल. ऐकतोय."

काही नाही. त्यांनी आवाज वाढवला. आणि चारही कोपऱ्यांतून एक जाडाभरडा पुरुषी आवाज गरजला.

"सर, नववी बचा पहिला तास कोण घेणार आहे?"

चष्मेवाले सीटवरून उडाले. "कोण बोलतंय?"

"शाळेतून शिपाई बोलतोय, सर. तुमचा आवाज असा काय येतोय? घसा बसला का?"

"मी सर नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे."

मग शिपाई हळूच म्हणाला, "सर, बरं नसेल तर सुट्टी टाका ना. मी हेडमास्तरांना सांगतो."

आणि तेव्हा चष्मेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेचा शिपाई जर इथे बोलतोय, तर धाकटी कुठे बोलतेय? त्यांनी सावकाश मान वळवली. वाकड्या मानेला ती बाजू जड जात होती, तरी वळवली. शेजारच्या गाडीत थोरली डोळे विस्फारून स्टिरिओकडे बघत होती, एखाद्याने कपाटातून हाक मारावी तशी. मग तिचे ओठ हलले. तिने काहीतरी उत्तर दिलं.

चष्मेवाल्यांचं धाबं दणाणलं. आपण नवऱ्याशीच बोलतोय असं समजून धाकटी काय काय बोलली असेल, याचा अंदाज त्यांना चोवीस वर्षांच्या संसारामुळे होता. फोन तोडायला हवा होता. लाल बटण समोर होतं. आत्ता तोडला तर 'कुठलीतरी लाइन लागली' म्हणून निभावून नेता येईल, उशीर झाला तर यांचा फोन त्यांच्या गाडीत कसा, हा प्रश्न निघेल, आणि त्या प्रश्नाच्या शेवटी लेन्स होलसेल उभं होतं. त्यांनी बोट पुढे केलं.

आणि त्यांना दिसलं की थोरली हसतेय. हसता हसता ती चष्मा काढून डोळे पुसतेय. तो चष्मा त्यांनीच बनवलेला होता. बावीस दिवसांत ही बाई हसलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि वर तिसऱ्या मजल्यावर जी बसली होती तीही हसली नव्हती. कुकरच्या शिट्ट्या मोजताना दोन मजल्यांवरच्या शिट्ट्या आपोआप मोजणारी बाई बावीस दिवस एकच कुकर मोजत होती. त्यांनी बोट मागे घेतलं. उलट चार्जरची वायर फोनला लावली, कारण बॅटरी सहा टक्के होती.

"नववी बला मैदानावर सोडा," त्यांनी शिपायाला सांगितलं. "खेळू दे पोरांना."

"बरं, सर. काळजी घ्या," शिपाई म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सर गठ्ठा घेऊन उतरले आणि आपल्या गाडीच्या दाराला हात घालणार, तोच चष्मेवाल्यांनी काच खाली करून हातवारे केले. सर आधी गच्चीकडे बघून घाबरले, मग आपल्या गाडीत बघून गोंधळले, आणि शेवटी चष्मेवाल्यांच्या शेजारी येऊन बसले. बावीस दिवसांत पहिल्यांदा दोघे एका गाडीत होते. चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. सरांनी गठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूला दोन चौकोन काढले, चार बाण काढले आणि म्हणाले, "बरोबर आहे. तिरकस गुणाकार झालाय."

"आता काय करायचं?"

"काही नाही. गाडी बंद करायची नाही. हलवायची तर अजिबात नाही."

अडतीस मिनिटं दोघे तसेच बसले. काचेपलीकडे थोरली बोलत होती, ऐकत होती, मध्येच स्टिरिओला बोट दाखवून रागावत होती. नेमकं काय बोलणं झालं ते दोघांना पुढे कळलं, ते असं. धाकटीने फोन लागताच म्हटलं होतं, "अहो, मी पडदे काढून टाकते. ताई म्हणाली तेच खरं आहे, सकाळी उठलं की नर्स येईल असं वाटतं. पण तिला सांगायचं नाही हं." आणि गाडीतल्या गाडीत थोरली म्हणाली होती, "काढू नकोस. मलाही तसलेच आणायचे होते. तू आधी आणलेस म्हणून लागलं मला." त्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तू जेवलीस का गं नीट इतके दिवस?"

नऊच्या सुमाराला धाकटी घरातल्या चपलांवरच खाली धावत आली. हातात नवऱ्याचा विसरलेला डबा होता. नवऱ्याच्या गाडीवरून ती सरळ पुढे गेली, थोरलीच्या शेजारी जाऊन बसली आणि डबा दोघींनी तिथेच उघडला.

"सुटलो," सर म्हणाले.

"सुटलो काय, पुण्य लागलं आपल्याला," चष्मेवाले म्हणाले. "हे आपल्यामुळे जुळलं. आता दोघी येतील आणि म्हणतील..."

एवढ्यात थोरलीने एक प्रश्न विचारला असावा, कारण धाकटी खायची थांबली. तुझ्या नवऱ्याचा फोन आमच्या गाडीत बोलतोच कसा? थोरली ग्रंथालयात काम करते. नोंदी कुठे असतात आणि त्या कशा शोधायच्या, हे तिला शिकवावं लागत नाही. तिने स्टिरिओवर दोन ठिकाणी बोट दाबलं. पान अकरावर लिहिलं आहे की जोडलेल्या फोनची कॉल यादी स्टिरिओवर आपोआप दिसते. सरांनी पान नऊनंतर थेट पान चौदा वाचलं होतं.

दोन डोकी स्टिरिओवर वाकली. बोट वरून खाली सरकत गेलं. सरकतच राहिलं.

"काय वाचतायत एवढं?" चष्मेवाल्यांनी विचारलं, पण त्यांना माहीत होतं.

थोरलीने एका नावावर बोट टेकवलं. चष्मेवाल्यांच्या फोनवर आपोआप नंबर फिरला, 'लेन्स होलसेल'. थोरलीच्या नाकासमोर स्टँडवर तिच्या नवऱ्याचा फोन वाजायला लागला, आणि त्यावर नाव आलं, 'पालक नववी ब'. दोघी बहिणींनी एका फोनकडे पाहिलं, मग स्टिरिओकडे, मग एकमेकींकडे, मग काचेतून या दोघांकडे. एक, दोन, तीन. चारही कोपऱ्यांतून थोरलीचा आवाज आला. अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

"हॅलो, लेन्स होलसेल का? बावीस दिवसांत सदतीस वेळा बोलणं झालंय तुमच्याशी. रविवारीसुद्धा. दुकान फारच जोरात चाललेलं दिसतंय."

सरांनी घसा साफ केला. "हे पाहा, प्रत्यक्षात बोलणं गणिताविषयी..."

"आणि पालक नववी ब," धाकटीचा आवाज आला, "पाल्याची प्रगती काय म्हणतेय?"

चष्मेवाल्यांनी हात खिशात घातले. हात दाखवून अवलक्षण केलेल्या माणसाने हात खिशात ठेवावेत, हे त्यांना उशिरा का होईना कळलं होतं.

निकाल तिथल्या तिथे लागला. बहिणी बावीस दिवस बोलल्या नव्हत्या, तेव्हा नवऱ्यांनी उद्यापासून बावीस दिवस बोलायचं नाही. एकमेकांशी. फोनवर नाही, जिन्यात नाही, गाडीत नाही. मग दोघी सरांच्या गाडीतून थोरलीसाठी फिकट हिरवे पडदे आणायला गेल्या. या दोघांना एका गाडीतून कामावर जावं लागलं, ते मात्र बरं झालं.

मंगळवारी सकाळी चष्मेवाले आपल्या गाडीत बसले, सर आपल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. चष्मेवाल्यांनी सहज फोनवर एक जुनं गाणं लावलं, आणि ते सरांच्या गाडीत वाजलं. थोड्या वेळाने चष्मेवाल्यांच्या गाडीत सरांच्या फोनवरचं एकमेव रेकॉर्डिंग सुरू झालं, त्रिकोणमितीचा पाठ क्रमांक एक. चष्मेवाल्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. बुधवारी पुन्हा गाणं गेलं, पाठ क्रमांक दोन आला. गुरुवारी पाठ क्रमांक तीन ऐन रंगात असताना मध्येच बंद पडला आणि थोरलीचा आवाज आला.

"अहो, मला वरून सगळं ऐकू येतंय. हेसुद्धा बोलण्यातच धरलंय."

"चुकलं, ताई," चष्मेवाले म्हणाले. शेजारच्या गाडीत त्याच वेळी सर मान खाली घालून धाकटीची बोलणी खात होते. आपली बोलणी खायला आपल्या जागी कुणीतरी बसलेलं असावं, यापेक्षा मैत्री म्हणजे आणखी काय असतं!

शिक्षा कधीच संपली. थोरलीच्या खिडकीतले पडदे धाकटीच्या खिडकीतल्या पडद्यांसारखेच आहेत, आणि इमारतीत नवीन येणारी माणसं दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर कधी बसतात म्हणून विचारतात. जोडणी मात्र अजून उलटीच आहे. गाड्या रस्त्याला लागून लांब गेल्या की दोन्ही स्टिरिओ मुके होतात. म्हणजे गाडी चालवताना बोलता यावं म्हणून केलेली ही सोय गाड्या उभ्या असतील तेवढाच वेळ चालते. म्हणून दोघे आता रोज वीस मिनिटं आधी खाली येतात, एक हात अंतरावर आपापल्या गाडीत बसतात, काचा वर करतात आणि फोनवर बोलतात. माना दोघांच्या सरळ झाल्या आहेत.

धाकटीने एकदा विचारलंच, "अहो, ते नीट का करून घेत नाही?" चष्मेवाले म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, पण जोडणी तोडायची कशी ते पान सोळावर आहे आणि सर म्हणतात पान सोळा फाटलंय. धाकटीने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. सरांच्या घरातल्या कुठल्याही पुस्तकाचं पान आजवर फाटलेलं नाही, हे तिला माहीत आहे.